खुराड्याची भिंत

५ जुलै, शिंदखेडा
धुळ्याच्या दोन कोंदट खोल्या सुटल्या एकदाच्या. इथे घर ऐसपैस, अंगण मोठं, आणि मुख्य म्हणजे विटांचं तयार खुराडं. आधीचे भाडेकरू तसंच सोडून गेले. मृणालीच्या अंगात रक्त कमी, डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलंय, म्हणून आईने पाचोऱ्याहून गावरान कोंबड्या दिल्या, वर एक कोंबडा. खुराड्याला आणि मृणालीच्या खाटेला भिंत एकच आहे. पलीकडे कुर्रकुर्र झालं की पोरगी खुदकन हसते. सामान सोडायच्या आधी बुद्धमूर्ती मांडली, वंदना घेतली, मगच चहा ठेवला.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा
वर्षावास सुरू झाला. विहारात पंचशील घेतलं आणि मनात आणखी एक धरलं, की मृणालीच्या अंगात रक्त भरेपर्यंत माझ्या हातून मुंगीही मरणार नाही. अंडी चांगली निघतात. टरफलंसुद्धा वाया जाऊ देत नाही, कुटून कोंबड्यांनाच घालते. पोरीच्या गालांवर जरा रंग आलाय.

१९ जुलै
कोंबड्या स्वतःचीच पिसं उपटतात, तुरे फिके पडलेत. दिवेलागणीला आत जायला मागत नाहीत, हाकलावं लागतं. आज बसायची फळी उचलली तर खाली राखाडी भुसा. भुसा हलला. मोहरीपेक्षा बारीक किडे. उपाशी असले की राखाडी, रक्त पिऊन झालं की तांबडे.
शेजारच्या केसरअक्का अंगणाच्या भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, बठ्ठं खुराडं जाळी टाक, फटींत उकळतं पाणी ओत. मी व्रताचं सांगितलं. तर म्हणतात कशा, मंग आते त्या किडास्लेच वंदना शिकाड. राख टाकली तरी मरतात म्हणे, म्हणून राखही नको. पिसाने सुपात झाडून घेतले, बांधावर नेऊन सोडले. खुराड्यात निंबाचा पाला अंथरला.

२७ जुलै
रोज झाडते, रोज तेवढेच. कंबर धरलीय. अंडी बंद झाली आणि मृणालीचा चेहरा पुन्हा पांढरा. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठेना म्हणून हात लावला, तर बसल्या जागी गार. तुरा कागदासारखा. पिसांखाली तांबडं अस्तर, हलतं.

१ ऑगस्ट
कोंबड्याच नसल्या तर किडे खातील काय, आपोआप जातील, असा विचार केला. मृणालीच्या पप्पांनी उरलेल्या बाजारात देऊन टाकल्या. खुराडं झाडून बंद केलं. जीवही मारला नाही आणि पीडाही गेली. आज जरा पाठ टेकली.

४ ऑगस्ट
अक्कांना सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. आधीच्या बाईनेही हेच केलं होतं म्हणे. ते लोक घर सोडून गेले ते कोंबड्यांपायी नाही. कोंबड्या विकल्यावर गेले. पोरगं मान टाकेल व्हतं, एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

६ ऑगस्ट
मृणाली म्हणते, भिंत गुदगुल्या करते. उशीवर बारीक तांबडे ठिपके. खाट खोलीच्या मधोमध ओढली. खुरांखाली वाट्या ठेवल्या. पाणी घालणार होते, घातलं नाही. बुडले असते ते.

८ ऑगस्ट
खाट हलवली तसे तेही हलले. भर दिवसा, उजेडात. पोरीचे ओठ चुन्याच्या भिंतीसारखे पांढरे झालेत. ह्यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, तुझं व्रत कोणासाठी आहे ते आठव.

९ ऑगस्ट
तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं. कपडे अक्कांच्या नातीचे, आमच्या घरातला एक धागा अंगावर नाही. बापलेक धुळ्याच्या बसमध्ये बसले. मोठ्या दवाखान्यात रक्त चढवतील.
मी मागे राहिले. भगवंतांपुढे क्षमा मागितली आणि पाणी उकळून फटीत ओतलं. खालून पाणी तांबडं आलं. मृणालीचंच रक्त ना ते—

त्याच दिवशी
गॅस संपला. फटी संपत नाहीत. भिंत सगळीच—

उरलेले निघाले. माझ्याकडे नाही. रांग उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून फाटकाकडे. बस गेली त्याच रस्त्याला—

फाटकात आडवी बसलेय. पातळ गुडघ्यावर घेतलं. या म्हटलं, इथे या. रांग थांबली. वळली. पाय गार पडतात. उठायचं नाही. अक्का भिंतीवरून हाका मारतात, ऊठ पोरी, ऊठ. उठले तर ते तिच्या मागे—

माझ्यात रक्त आहे. तिच्यापेक्षा पुष्कळ. भिंतीतून अजून येतात, अजून— अक्का, ह्यांना फोन करा, सांगा, बरी झाली तरी तिला या घरात—