प्रवाहाकडे तोंड करून

कासलबार, आयर्लंड,
२४ जून २००७

प्रिय रणजित,

अनेक आशीर्वाद. नंदिनीला आणि अद्वयला आठवण सांग. आम्ही इकडे ठीक आहोत. शिरीषच्या हॉस्पिटलातल्या ड्यूट्या आणि पाऊस, दोन्ही नेहमीसारखं. मुक्ताची परीक्षा संपली. ती आता घरात अजिबात सापडत नाही.

पोस्टाने हे वेळेत पोचलं नसतं, म्हणून बाबांच्याच बॅगेत, वरच्या कप्प्यात ठेवते आहे. पाकिटात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. ते तुझ्या हातात पडेल तेव्हा बाबा तुझ्यासमोर उभे असतील. तू स्वतः विमानतळावर आला असशील, ड्रायव्हर पाठवला नसशील, असं धरून लिहिते.

साखर आटोक्यात आहे. रात्रीची गोळी ते चुकवतात, लक्ष ठेवायला सांग. (कुणाला, ते तुला माहीत आहे.) वजन थोडं वाढलंय. ते नदीमुळे, तिथून आलं की भूक लागते.

फोनवर तुला नदीचं सांगायला कधी जमलंच नाही, तू नेहमी मीटिंगमध्ये. आमच्या शेजारी टोमस म्हणून निवृत्त मास्तर राहतात. ते सॅमन पकडतात आणि सोडून देतात. या वर्षापासून आमच्या नदीवर तसा कायदाच झालाय, एकही मासा घरी न्यायचा नाही. बाबांना हे समजावताना मला पुरेवाट झाली. वेंगुर्ल्याच्या खाडीत जन्मभर गरी टाकलेला माणूस तो.

"पकडूचो आणि सोडूचो? मग गरी कित्याक होयी गो? काठावरसूनच रामराम घालूचो."

मी भाषांतर केल्यावर टोमस इतके हसले की त्यांना खोकला आला. "ग्रँड," म्हणाले, "ग्रँड." छान, ठीक, बरं, सगळ्याला इकडे हाच शब्द. तेव्हापासून बाबा त्यांना गरांडच म्हणतात. शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली की, "माझो गरांड इलो!" आणि हे चहा तसाच टाकून बुटात पाय घालायला लागणार. मुक्ता म्हणते, "आजोबा, फिनिश युअर टी!" ते तिला मालवणीत उत्तर देतात. दोघांचं छान चालतं.

रणजित, त्यांना इतकं खूश मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. गुडघाभर पाण्यात दोन म्हातारे, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, आणि तासन्‌तास बडबड. लांब काठी मागे नेऊन दोर पाण्यावर अलगद कसा उतरवायचा, ते बाबा पंधरवड्यात शिकले. सोडण्याचे नियमही शिकले. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे कधीतरी मरतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. पाण्याबाहेर उचलायचा नाही. प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरायचा, दम परत आला की तो आपण होऊन जातो. पहिला मासा असा गेला तेव्हा बाबा ओले हात तसेच पुढे धरून उभे होते. "गेलो गो," म्हणाले. तोंडभर हसू. खाल्लेल्या माशाचा एवढा आनंद त्यांना झालेला मला आठवत नाही.

तुझा फोन त्याच आठवड्यात आला. "ताई, तुझं ते ऐकतात. तिथेच सांगून टाक, इथे आल्यावर तमाशा नको." तळेगावची जागा चांगली आहे, बाग आहे, डॉक्टर रोज येतो, सगळं तू सांगितलंस. त्यांची खोली अद्वयला अभ्यासाला दिलीस, तेही सांगितलंस. मी "बघते" म्हटलं. मी ओरडले नाही, हे तुला त्या वेळी बरं वाटलं असेल.

नदीवर सांगायचं ठरवलं. तिथे ते आनंदात असतात, म्हणून. आता लिहिताना हे किती नीच वाटतं. तीन शनिवार मी थर्मास आणि पोळ्यांची गुंडाळी घेऊन काठावर बसले, आणि तीन शनिवार तशीच परत आले.

काल शेवटचा शनिवार होता. दुपारी बाबांच्या दोराला मोठा मासा लागला. चांगलाच झुंजला. टोमस जाळी घेऊन पाण्यात, मी काठावर उभी, बाबा आनंदाने शिव्या देतायत. मासा हाताशी आला, आणि बाबांनी जन्मभराच्या सवयीने काय करावं? कल्ला उचलून पाहिला. लाल आहे का, ताजा आहे का! बाजारात आईबरोबर हजारदा केलं तसं. जिवंत माशाचा!

"नो, नो, नो!" टोमस ओरडले. तोवर बोट आत गेलं होतं. पाण्यात रक्त पसरलं.

बाबांना लगेच कळलं. चेहरा उतरला. "मरतलो तो," म्हणाले. "इचार त्यांका, घेवन जावया. मुक्ताक कालवण घालतंय."

मी विचारलं. टोमसनी मान हलवली. मरणारा असला तरी सोडायचाच, नियम तसा आहे.

"मरतलो तरी सोडूचो?"

"हो, बाबा."

मग ते खाली वाकले आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरून राहिले. किती वेळ, कोण जाणे. हात निळे पडले. टोमस मला हळूच म्हणाले, "त्यांना बाहेर यायला सांग." मी सांगितलं नाही. शेवटी मासा कलला, सावरला, आणि गढूळ पाण्यात गेला. "ही'ज ग्रँड नाऊ," टोमस म्हणाले. मी भाषांतर करायच्या आत बाबा म्हणाले, "तो गरांड नाय."

काठावर मी त्यांचे हात टॉवेलात धरून चोळत होते. ते नदीकडे बघत म्हणाले, "रणजितान जागा बघल्यान ना माझ्यासाठी?"

मी टॉवेलाची कोरडी बाजू वर घेतली.

"तू फोनवर हळू बोलाक लागलंस काय माका समाजता." मग, लहान मुलासारखं, "हंयच ऱ्हवलंय तर?"

"व्हिसा संपतोय, बाबा," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. पण शिरीषची सहकारी वैदेही, तिच्या आईला मुदत वाढवून मिळाली होती. कुठे अर्ज करायचा, हे तिने मला आपण होऊन सांगितलं होतं, एप्रिलमध्येच. मी केला नाही. मला माझी लहान खोली परत हवी होती, माझ्या संध्याकाळी हव्या होत्या. तीन महिने मी चांगली मुलगी होते, तेवढं मला पुरलं. तेव्हा तुला काही बोलायचा अधिकार मला नाही, आणि हे पत्र तुला बोलण्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

"बरा," म्हणाले ते. आणि थर्मासातला चहा मागितला.

टोमसनी त्यांना आपली टोपी दिली आहे, हुकं लावलेली. बॅगेत नको, डोक्यावरच घालीन म्हणतात. तळेगावला कुणी हसलं तर हसू दे, पण काढून घेऊ नका.

कुठे जायचंय ते त्यांना माहीत आहे. गाडीत तुला काही सांगावं लागणार नाही. तू सोपवलेलं काम झालं.

हात नीट ओले करून सोडणारी,
तुझी ताई
माधवी