सेफ्टी व्हॉल्व्हवरचं वजन

अंबरनाथ, मंगळवार, फेब्रुवारी १९५४

डोकं नुसतं भणभणतंय. आमच्या कारखान्यात बॉयलरची भट्टी पेटती ठेवणारा फायरमन गोविंदा परवा वाफेने भाजला. दोन्ही हात कामातून गेले. आज चीफ इंजिनिअर परांजपेसाहेबांनी तयार अहवाल माझ्यापुढे सरकवला. अपघाताचं कारण : कामगाराचा हलगर्जीपणा.

हलगर्जीपणा! दाब वाढवून काम लवकर उरकावं म्हणून, जादा झालेली वाफ बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर तो उघडूच नये असं जादा वजन टांगायला यांनीच लावलं. तसं तोंडावर बोललो, तर म्हणतात, "तू इंजिनिअर आहेस, वकील नाहीस. सही कर."

नवा देश घडवणारे म्हणे आम्ही! असल्यांच्या हाती पडून काय घडणार तो?

गोविंदाची बायको मोरिवलीहून आली होती. फाटकाशी मला अडवून म्हणाली, "मानूस माजा भाजला, न दोष पन त्याचाच का, सायब?" ते वजन आठवडाभर मीही रोज बघत होतो. नोकरीच्या भीतीने गप्प बसलो. मग मी कुठला मोठा सज्जन?

साहेबांचा कागद फाडला. सरकारी बॉयलर इन्स्पेक्टरांना स्वतः अहवाल लिहिला. दोषी कोण, तिथे साहेबांचं नाव घातलं आणि त्याखाली माझंही. संध्याकाळी पोस्टात टाकून आलो.