नडगीवरची किरकोळ जखम

४ तारीख, शनिवार. संध्याकाळ.
पोचलो. खोली दुसऱ्या मजल्यावर, समुद्रासमोर. आधी फायर एक्झिट पाहून घेतली. दारापुढे कपडे वाळत घालायचा स्टँड! मॅनेजरला सांगितले. तो हो हो म्हणाला आणि हलला नाही. कारखान्यात असता तर मेमो हातात ठेवला असता. एकोणतीस वर्षे सेफ्टी ऑफिसर आहे. सुट्टीवर आलो म्हणून डोळे मिटून घेणार नाही.

बुधवारी मी आणि लेक समुद्रात खाली जाणार. सिलिंडर पाठीवर, बारा मीटर. तिच्याकडे कॉलेजपासूनच सर्टिफिकेट आहे. शुक्रवारी इथूनच तिचे विमान, रविवारी तिचे जहाज सुटणार. समुद्राच्या तळाचे नकाशे करणारे जहाज. पहिली नोकरी, आठ महिने. जाण्याआधी एकच मागितले. बाबा, एकदा माझ्याबरोबर पाण्याखाली ये, मी कुठे काम करणार ते बघ.

लहानपणी तिने मागितलेली सायकल, ट्रेक, उंच घसरगुंडी, सगळ्याला मी नाही म्हणालो होतो. कारणे होती. आजही ती बरोबरच आहेत. पण या वेळी हो म्हणालो. तिने तीनदा विचारले, नक्की ना?

संकल्प: उद्यापासून पहाटे श्वासाचा सराव. गुपचूप.

५ तारीख, रविवार. सकाळी ८.
खडकांपर्यंत गेलो. गुडघाभर पाण्यात तोंड बुडवून चाळीस सेकंद श्वास रोखला. तीसही असतील, पाण्यात घड्याळ नीट दिसत नाही.

उठताना शेवाळावरून पाय सटकला. डावी नडगी शिंपल्यांवर घासली. जखम एक इंच. किरकोळ. आमच्या रजिस्टरमध्ये हिला 'प्रथमोपचार, काम सुरू' एवढीच ओळ मिळाली असती.

समुद्राच्या पाण्यानेच धुतली. मीठ जंतुनाशक असते. बायकोला सांगितले नाही. तिला रक्त बघवत नाही. (ती बावीस वर्षे दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. पण घरातले रक्त वेगळे.)

दुपारी.
वाळूवर दिवसभर फुल पँट. ही म्हणाली, अहो, ऑफिसला निघालात की काय. उन्हाचे कारण दिले.

६ तारीख, सोमवार.
स्विमिंग पूलमध्ये सराव. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, काटक, आवाज शिट्टीसारखा. मी मनात त्यांना मास्तरीण म्हणतो.

आधी फॉर्म. दमा, कान, रक्तदाब. शेवटी 'शरीरावर उघडी जखम?' असले फॉर्म मी जन्मभर बनवत आलो. बनवणाऱ्याच्या मनात गंभीर जखम असते हे मला कळते. किरकोळसाठी वेगळा रकाना हवा होता. तो नसल्यामुळे 'नाही'वर खूण करावी लागली. फॉर्ममधली ही त्रुटी मास्तरणीच्या निदर्शनास आणणार होतो, पण वेळ बरी नव्हती.

तिने तोंडीही विचारले. साधा ओरखडा असला तरी सांगा म्हणाली. समुद्रात जंतू असतात, जखम भरली की मी स्वतः नेईन तुम्हाला. जखम भरेपर्यंत लेक जहाजावर असेल. मी छताच्या पंख्याकडे पाहिले.

कपडे टॉयलेटमध्ये बदलले. पूलच्या पाण्याने थोडे झोंबले. डोळ्यांत पाणी आले, पण मास्कमध्ये पाणी असतेच. मास्कमधले पाणी बाहेर काढायचे जमले, तिसऱ्या वेळी. लेकीने पाण्याखाली टाळ्या वाजवल्या. आवाज येत नाही, पण दिसतात.

७ तारीख, मंगळवार.
लाटा मोठ्या. उद्याचे उद्या ठरवू, मास्तरीण म्हणाली. मी तीव्र निराशा व्यक्त केली. ही म्हणाली, मग एवढे हसताय कशाला?

जखमेची कड लाल, मध्ये पिवळसर. पट्टीने मोजली. दोन इंच. जखम वाढलेली नाही, रंग पसरला आहे. पायात जरा ऊब. रक्ताभिसरण उत्तम असल्याचे लक्षण.

संध्याकाळी लेक बाल्कनीत येऊन बसली. तळाशी डोंगर असतात, दऱ्या असतात, असे सांगत होती. हात हलवून हलवून. एवढे सलग ती माझ्याशी कधी बोलली होती ते आठवेना. एकदा वाटले, पाय दाखवावा. तेवढ्यात म्हणाली, खरे सांगू बाबा, तू ऐनवेळी काहीतरी कारण काढशील असेच वाटले होते.

पँट खाली ओढून घेतली. राहून गेले.

८ तारीख, बुधवार. सकाळी ६.
समुद्र शांत. हॉटेलच्या किचनमधून सँडविच बांधायला म्हणून पारदर्शक प्लॅस्टिक मागून आणले. नडगीला सहा वेढे, वर चिकटपट्टी, त्यावर डायव्हिंगचा रबरी सूट. वॉटरप्रूफ. हे आधी कोणाला कसे सुचले नाही?

दुपारी २.
डाइव्ह झाले. एकूण सात मिनिटे.

सविस्तर नोंद, नंतर गैरसमज नको म्हणून. सहा मीटरवर सगळे ठीक होते. लेक बाजूला, मास्तरीण पुढे. लेकीने बोटाने दाखवले, निळ्या माशांचा थवा. मी बघतच होतो. इतक्यात मास्कसमोर एक लांब, पारदर्शक, वळवळणारा प्राणी आला. विषारी असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. मी तातडीने लेकीला सावध केले. म्हणजे तिला धरले. धरताना माझा हात तिच्या नळीत अडकला आणि श्वास घ्यायचा रबरी तुकडा तिच्या तोंडातून सुटला.

तिने तो परत बसवला. मग माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या डोळ्यांत बघत हळू श्वास घेत राहिली, मी तसाच घेईपर्यंत. मग आम्ही वर आलो. आपत्कालीन परिस्थितीत मी तिला सुरक्षित वर आणले असे म्हणता येईल.

बोटीवर ती बराच वेळ खोकत होती. खाली परत गेली नाही. मास्तरणीने विचारले, काय झाले. मी कान दुखल्याचे सांगितले. सगळ्यांना पटले. लेकीच्या मुठीत प्लॅस्टिकचा चोळामोळा होता. समुद्रात लोक वाटेल ते टाकतात.

९ तारीख, गुरुवार. सकाळ.
थंडी वाजते. बाहेर सगळे घामाघूम. एसीचा दोष. मॅनेजरला तक्रार केली. एसी बंदच होता म्हणे.

दुपार.
पाय बुटात जात नाही. समुद्रकाठच्या हवेने सूज येते. नडगीपासून गुडघ्याकडे एक लाल रेघ. पँटच्या शिवणीचा वळ असावा. ठरवले: उद्या लेकीला विमानात बसवायचे, मग निवांत डॉक्टर. तोवर चेहरा हसरा.

संध्याकाळ.
चहाचा कप हातातून पडला. ही पुसायला वाकली आणि पँटवरचा डाग तिला दिसला. पँट वर केली. ओरडली नाही. दवाखान्यात रुमाल बांधून बोलते तशा आवाजात म्हणाली, कधीपासून? मी म्हणालो, आज सकाळपासून. तिने लेकीला हाक मारली, टॅक्सी बोलाव.

१० तारीख, शुक्रवार. हॉस्पिटल.
हातात सुई, वर बाटली. डॉक्टर तरुण आहे. लाली जिथपर्यंत आली तिथे त्याने पेनने पायावर रेघ मारली. ही रेघ ओलांडली तर ऑपरेशन, आतले खराब झालेले कापून काढावे लागेल. इतक्या सहज सांगितले!

त्याने विचारले, जखम किती दिवसांची, समुद्राचे पाणी लागले का. मी म्हणालो, दोन दिवसांची, पाणी विशेष नाही. लेक पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"बाबा, ते प्लॅस्टिक तुझं होतं?"

मी हो म्हणालो.

"डॉक्टरांना दिवस खरे सांग. त्यावर औषध ठरणार आहे."

पाच, म्हणालो. खडकावर कापले तेही सांगितले. डॉक्टरने औषध बदलले.

तिचे विमान साडेअकराचे. मी घड्याळ दाखवत राहिलो. जा, मी ठणठणीत आहे. साडेअकराला ती खुर्चीवर बसलेली होती.

११ तारीख, शनिवार.
ताप १०३. लाली रेघेच्या वर अर्धे बोट. दुपारी पायात छोटे ऑपरेशन. सही हिने केली.

शुद्धीवर आलो तेव्हा लेक बाहेर फोनवर बोलत होती. दार अर्धवट उघडे. जहाज कोणासाठी थांबत नाही, हे तिला पलीकडून कोणीतरी समजावत असावे. ती फक्त हो म्हणत होती. तिच्या जागी दुसरे कोणी जाईल. पुढचे जहाज सहा महिन्यांनी. तेव्हाही जागा असेलच असे नाही.

आत आली. मी म्हणालो, माझ्यामुळे झाले. ती म्हणाली, झोप आता.

मला वाटले होते ती नाही म्हणेल.

१२ तारीख, रविवार. दुपार.
जहाज दहाला सुटले. मास्तरीण भेटायला आली होती. रागावली नाही. तिने फक्त एवढे विचारले की त्या दिवशी सांगितले का नाही. काठावरून बघायला बोलावले असते, लेकीलाच खालून फोटो काढून आणायला सांगितले असते. लेकीने तेही चालवून घेतले असते. म्हणाली, पोरगी सूट चढवताना मला सारखी हेच सांगत होती, बाबा आला, एवढेच खूप.

हे मला ठाऊक नव्हते.

लाली उतरते आहे. ताप ९८.६. पाय हलवून पाहिला, ठणक नाही. खरोखर नाही. कधी एकदा सांगतो असे झाले. लेक सफरचंद कापत होती. म्हणालो, आज मला अगदी बरे वाटते आहे.

तिने ऐकून घेतले, सुरी बशीत ठेवली आणि नर्सला विचारायला बाहेर गेली.