पिकअपने मान वर केली त्याची हकीकत

तालुका पाथर्डी, सोमवार

आदरणीय जोसेफदादा,

सत्यवान मास्तरचा प्रभूच्या नावाने सलाम पोचावा. गुडघा कसा आहे? नदीकाठची हवा गुडघ्याला मानवत नाही असं मी मागेही लिहिलं होतं (तुम्ही उत्तरात प्रवरेचं पाणी किती गोड आहे एवढंच कळवलंत). इकडे तुमची बहीण दया खुशाल, मी खुशाल, आणि पिकअपही खुशाल. पिकअपचं मुद्दाम लिहितो, कारण आमच्या सूनबाईंनी, नॅन्सीने, तुम्हाला फोनवर काहीबाही सांगितलं असणार. येत्या शनिवारी तुम्ही गाडीत माझ्या शेजारी बसून पाथर्डीच्या रस्त्याने एक फेरी मारायची. गाडी सरळ चालते असं म्हणालात तर किल्ली माझ्या खिशात, नाही तर कायमची तिच्या कपाटात, असा तिचा ठराव आहे. बत्तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस पंच म्हणून नेमला, याबद्दल माझी तक्रार नाही. निकालाची तर मला मुळीच काळजी नाही.

मूळ मुद्दा मानेचा. चौथीच्या वर्गाला मी कविता शिकवायचो तेव्हा माझा एकच नियम होता: म्हणणाऱ्याने मान वर ठेवायची. मान खाली गेली की आवाज छातीत अडकतो आणि वृत्त लंगडं होतं. (काय दिवस होते, दादा! दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडायचं, बाहेर लिंबाखाली बैल रवंथ करायचा आणि आत चाळीस गळे एका चालीत. एकदा साहेब तपासणीला आले आणि वही मिटून ऐकतच बसले.) तर ही पिकअप वर्षभर अंगणात बघत होतो. मागून उंच, पुढून बसकी. पाठांतर न झालेला मुलगा उभा केल्यासारखी. शेवटी मला ते सहन झालं नाही. गोरक्षनाथ मिस्त्रीकडे नेली आणि पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या बसवून घेतल्या. त्याला लेव्हलिंग किट म्हणतात. गाडी पुढून दोन इंच उचलली गेली, आणि काय सांगू, साऱ्या चेहऱ्यावर तेज आलं. मिस्त्री म्हणाला, आता चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, न्हाई तर एका अंगाला ओढंल. मी हो म्हटलं. पण संध्याकाळ अशी केशरी पडली होती की थेट घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे जाऊ लागली. मी आधी वाऱ्याचा विचार केला. मग रस्त्याच्या उताराचा. मग दयाचा, कारण ती डावीकडे बसते; तिला जरा हलकं बसायला सांगितलं, तर ती दोन रविवार चर्चला पायी गेली. एकदा गाडी माझ्यासकट ज्वारीच्या रानात शिरली (कणसं फार सुरेख भरली होती, ती इतक्या जवळून एरवी पाहिली नसती). ते नॅन्सीने पाहिलं आणि किल्लीची गोष्ट निघाली. पण उपाय मला लगेच सुचला. मागच्या हौद्यात उजव्या कडेला कांद्याच्या आठ गोण्या रचल्या, वर ताडपत्री बांधली. गाडी बरीचशी वठणीवर आली. तरी नॅन्सीच्या समाधानासाठी चाकंही दाखवावीत म्हणून पाथर्डीला कल्याणकडे गेलो. हा माझाच विद्यार्थी, आता चाळिशीचा. भिंतीवर संगणक, चाकांना आरसे लावतो आणि पडद्यावर लाल आकडे हिरवे होईपर्यंत पाने फिरवतो. मी त्याला समजावलं की हा यतिभंग आहे, चाक नको तिथे थांबतंय. तो म्हणाला, "गुरुजी, गाडी मानंनं न्हाई चालत, चाकानं चालती. मागं काय वजन हाय का?"

मी म्हणालो, "किरकोळ."

आता हे मी का म्हणालो? दादा, परीक्षेला बसलेला मुलगा आपल्या चुका स्वतःहून दाखवत नाही, आणि मी तर त्याचा मास्तर. आकडे हिरवे झाले. तिथून बाजार समितीपर्यंत गाडी अशी गेली, जणू ओवीमागून ओवी. मग कांदे उतरवले. येताना ती उजवीकडे ओढू लागली. जरासंच, समोरून तुमच्या खात्याची बस आली तेव्हाच काय ते जाणवलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे ओढून धरलं की काही त्रास नाही, आठवडाभर तसंच चालवतोय. कल्याणकडे परत जाऊन गोण्यांची कबुली द्यायची कल्पना मात्र मला मानवत नाही. तेव्हा शनिवारी निर्धास्त या.

आपला,
सत्यवान

ता. क. उपवासकाळ चालू आहे हे मी जाणतो. पण शनिवारचा उपवास तेवढा धरू नका. पोटभर जेवून या आणि डाव्या सीटवर दाराला टेकून बसा. तुमच्यासारखा भरभक्कम माणूस डावीकडे असला की गाडी सरळ जाते, असा माझा हिशोब आहे.

ता. क. दुसरा. किल्ली गेली तर रानात जायला मला नॅन्सीची सवड बघावी लागेल. एवढंच.

दादा, मी दया. हे पाकीट दोन दिवस माझ्याकडे पडून होतं, मी उघडून वाचलं. तू उपास मोडू नको. काल हे सभेला गेले तेव्हा मी कल्याणला बोलावून रिकामी गाडी त्याच्याकडे पाठवली आणि परत नीट करून घेतली. गोण्यांचं त्याला आधीच समजलं होतं, हमाल सांगत होते. तो गुरुजींना कधी बोलणार नाही आणि मीही सांगितलेलं नाही. गाडी आता सरळ आहे. पण ह्यांना हे ठाऊक नाही, ते सवयीनं डावीकडे ओढणार आणि नॅन्सीसमोर परत ज्वारीत जाणार. तेव्हा बसल्या बसल्या एवढंच म्हण, मास्तर, हात जरा सैल सोडा. तुझं ते ऐकतील.