वाऱ्याचा बाण

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. रोज जिना चढून दाखवते आणि मग दिवसभर कण्हते. तुझा खोकला कसा आहे? फोनवर विचारलं की तू हसून विषय उडवतोस, म्हणून लिहून ऑफिसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवतेय.

परवा तुमचं अग्निशमन केंद्र बघायला पाहुणे आले. पंखा नाही, एसी नाही, तरी तुमची विश्रांतीची खोली गार, म्हणून माझं कोण कौतुक! तूही कॉलर ताठ करून सांगत होतास, "माझ्या ताईचं डिझाइन आहे." मी मात्र तुझ्या उशीकडे बघत होते. अभ्र्यावरून बोट फिरवलं, ते काळं झालं.

ऑफिसात येऊन जुने नकाशे काढले. हवामानाच्या तक्त्यात 'पश्चिमी वारा' लिहिलंय, म्हणजे पश्चिमेकडून येणारा. मी बाण काढलाय पश्चिमेकडे जाणारा. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात रे हे. त्या बाणाच्या भरवशावर बंबांची शेड पश्चिमेला ठेवली, तुमची खोली पूर्वेला, आणि मधल्या भिंतीत हे मोठे झरोके. बंब सुरू झाला की डिझेलचा धूर आणि आगीतून आलेल्या कपड्यांची काजळी थेट तुमच्या खाटांवर. दोन वर्षं.

भागीदार म्हणतो, गाजावाजा नको, दुरुस्तीच्या नावाखाली झरोके बुजवून टाकू. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. मग तुझं खोकणं आठवलं. भिंत बुजेल, पण छातीत गेलंय त्याचं काय? कुणी सांगितलंच नाही तर डॉक्टर तरी काय शोधणार?

माझ्या नावाची भीती वाटते, नाही असं नाही. पण तुझी त्याहून जास्त वाटते.

आत्ताच्या आत्ता खाटा बाहेर काढा, झरोक्यांवर ताडपत्री ठोका. छातीचा एक्स-रे काढ, टाळाटाळ नको. उद्या सकाळच्या हजेरीला मी येतेय. तुम्हा बाराही जणांना सांगणार आहे, चूक काय झाली आणि कुणाची. कुणी वाटेल ते बोललं तरी माझी बाजू घेऊ नकोस. पुढे येऊ नकोस. त्यांच्या रांगेतच उभा राहा.

घाबरलेली,
ताई