डाव्या हातातला गज

बार्नेफेल्ड, ३ सप्टेंबर १६६१

चि. तेऊनिस यास हिलेताईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप आहोत असं लिहवत नाही. काल फेरीवाल्याने छापील चित्रं आणली, त्यात फिरत्या वाजंत्र्यांचं एक निघालं. व्हायोलिनवाला म्हणजे हुबेहूब आपले बाबा, चामखिळीसकट. पण गज डाव्या हातात! वीस वर्षं उजव्या हाताने वाजवणारा माणूस उगाच हात बदलेल? आई रडतेय, तिने धरूनच घेतलंय, उजवा हात निकामी झाला, म्हणून लाजेने घरी येत नाहीत. ईस्टरनंतर त्यांचा निरोप नाही, त्यामुळे मलाही तिची समजूत घालता येईना. तुझं उत्तर नाही आलं तर आई पायी शोधायला निघेन म्हणते. त्या गुडघ्यांनी वेशीपर्यंतही पोचायची नाही. चित्राखाली हार्लेम लिहिलंय. तू तिथेच आहेस ना, का तेही काम सोडलंस? चितारी गाठ. खरं काय ते कळव, गोड करून लिहू नकोस.

लोभ आहेच, उत्तर धाड.
तुझी हिलेताई

हार्लेम, ९ सप्टेंबर

ती. हिलेताईस तेऊनिसचा सा. न., आईच्या पायांवर डोकं.

आधी एवढं मोठ्याने वाच: बाबांचे दोन्ही हात शाबूत आहेत!

मी कापड धुवायच्या कुरणावरच आहे. वसंतात जहाजावर काम बघणार, ही ओळ मात्र मनात वाच. पत्र मिळालं तसा काम टाकून धावलो. वोल्फर्ट चितारी हसतच सुटला. म्हणाला, तांब्याच्या पत्र्यावर सुलटं कोरलं की कागदावर उलटं उमटतं, छापात अख्खं गाव डावखुरं होतं. मूळ रंगीत चित्र दाखवलं, गज उजव्या हातात. तरी मला पटेना, चितारी काय, काहीही रंगवतील. तर म्हणाला, मग स्वयंपाकघरात जाऊन विचार.

तिथे बाबा वाटाण्याचं सूप ओरपत बसलेले! दुसऱ्या चित्रासाठी बोलावलंय. मला बघून पहिलं विचारलं, आता कुठून पळालास? चिताऱ्यावर मात्र जाम चिडलेत. धडक्या बुटांतून त्याने चित्रात अंगठा बाहेर काढलाय, म्हणे गरीब वाजंत्री असेच खपतात. निरोप एका लोणीवाल्याजवळ दिला होता, तो विसरला असणार. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला घरी येतायत.

आई रडली हे ऐकून आधी हसले, मग चमचा तसाच राहिला. मग माझी लेखणीच हिसकावली. अक्षर येत नाही त्यांना, पण खालची फुली त्यांची आहे. उजव्या हातची.

माया वाढव, ओरडणं कमी कर.
तुझा तेऊनिस

✕