गिडियनची वेलबुट्टी

लंडन, ४ जून १६३७

छापखाना फोडला! बिशपची माणसं घण घेऊनच आली. गिडियनचं यंत्र चेचलं, अक्षरांचे शिशाचे खिळे गटारात उधळले आणि त्याला केसांना धरून फरफटत नेलं.

बिशपविरुद्धचं पुस्तक छापलं गिडियनने, पण छापून घेतलं माझ्या पुस्तकविक्या नवऱ्याने, ओबडायाने. पुस्तकावर नाव कुणाचंच नाही. गिडियनने तोंड उघडलं की ओबडाया संपला. छापलेल्या पानांचे गठ्ठे आम्ही तळघरात कोळशाखाली पुरले.

६ जून

चाबकाने सोलून काढलं गिडियनला. तरी गप्प आहे म्हणे.

७ जून

"चुगली कुणी केली?" — ओबडायाने एकच धोशा लावलाय. आमच्याशिवाय ती पानं पाहिली होती फक्त क्रिस्पिनने, आमच्या पुस्तकं बांधणाऱ्याने. आज त्याला दुकानातच धरलं. "मालक, बायबलवर हात ठेवून सांगतो!" बिचारा काकुळतीला आला होता. "ठेव," ओबडाया म्हणाला. ठेवला. आणि ओबडायाने त्याच हातावर क्रिस्पिनचाच बांधणीचा हातोडा घातला! पुन्हा घातला. हाडं मोडल्याचा आवाज कानातून जात नाही.

मला म्हणतो, "थॉमसिन, बघत काय बसलीस? टेबल पूस." बायबलपण पुसलं मी.

१० जून

आज गिडियनला चौकातल्या खोड्यात अडकवलं. ओबडाया घरात पांघरूण घेऊन पडला, मी गेले. लोकांनी आधी अंडी मारली, मग दगड. जल्लाद सुरी घेऊन आला तर गिडियन म्हणतो, "नीट काप रे बाबा, शेजारणी बघतायत!" लोक हसले. पहिला कान पडला तेव्हा हसणं थांबलं. दुसऱ्याच्या वेळी मात्र तो गुरासारखा ओरडला. नाव नाही घेतलं. माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

पॅटिसवाली मार्जरी टोपली घेऊन तिथेच. "घ्या बाई, पांढऱ्याफटक पडलात." मटणाचं पॅटिस, खाली नेहमीसारखा रद्दीचा कागद. त्यावर द्राक्षांची वेलबुट्टी! तो ठसा गिडियनशिवाय कुणाकडे नाही. पान आमच्याच पुस्तकाचं!

"मार्जरी, हे कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे? तुमच्याच मालकांनी दिली की, डाग पडलेली पानं. दर वेळी देतात तशी." मग हळूच म्हणाली, "छाप्याच्या आदल्या दिवशी बिशपच्या माणसाने खाता खाता ती वेल ओळखली हो. रद्दी कुणाची म्हणून दरडावलं मला. म्हटलं, सगळ्याच दुकानांतून येते, मला काय कळतंय!"

पॅटिस तिथेच टाकलं, पान घडी घालून घरी आणलं.

११ जून

ओबडायाला सांगितलं. त्याने ते पान चुलीत टाकलं. मग म्हणाला, "गेली असतील पानं सवयीने. क्रिस्पिनला कळता कामा नये. आणि बांधणीवाले काय, ढिगाने मिळतात."

ढिगाने! क्रिस्पिनच्या त्या हाताने माझ्या मेलेल्या लेकीचं प्रार्थनेचं पुस्तक बांधलं होतं.

दुपारी क्रिस्पिनच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्याचा हातोडा त्याला परत दिला.

१२ जून

दारात क्रिस्पिन उभा आहे. उजवा हात झोळीत, हातोडा डाव्यात. ओबडाया जिन्यावरून ओरडतोय, "थॉमसिन, अडसर घाल!"

अडसर मी सकाळीच विहिरीत टाकला.